कानात उशिरा गाणारी बाई

दुपारी लाइट गेली की पंखा लगेच थांबत नाही. तो आधी दमतो, मग त्याची पाती वेगवेगळी दिसायला लागतात आणि शेवटची चक्कर अर्धीच राहते. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतल्या मुली तेव्हा वैतागून वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेतात. मी मात्र कान देऊन बसते. खाली कुणाच्या तरी बादलीची कडी वाजते, एसटी स्टँडकडून गाडीचा हॉर्न येतो, भिंतीवर पाल चुकचुकते. आणि दर वेळी माझ्या मनात एकच येतं, की खोली आता शांत झाली, आता आत्याला म्हणायला सांगावं.

एप्रिल पुन्हा आला आहे. शेवटच्या वर्षाचे पेपर तोंडावर आहेत आणि मी अभ्यासाच्या वहीत हे लिहीत बसले आहे. लिहावं की नाही, हेही मला नीट ठरवता आलेलं नाही. कॉम्प्युटरमधल्या एका सेटिंगचा आकडा मी आधी वाढवला आणि नंतर कमी केला, एवढंच घडलं होतं. पण त्या दोन आकड्यांच्या मधल्या दिवसांत माझी आत्या गायची थांबली होती.

दोन वर्षांपूर्वीचा तो एप्रिल. तेव्हा मी बेंबळीहून रोज एसटीने धाराशिवला कॉलेजला यायचे. आमच्याकडे या महिन्यात पेपर आणि जयंती एकदमच येतात. सकाळी बसमध्ये मांडीवर नोट्स असायच्या आणि परत येऊन उतरावं तर विहाराच्या भिंतींना चुना लागत असायचा, पोरं पायरीवर निळ्या पताका ओवत बसलेली असायची. ज्वारी निघून गेल्याने रानं मोकळी. कडब्याच्या गंजी उन्हात तापल्या की त्यांना एक गोडसर वास सुटतो. त्या वासाने मला अजून पेपरची भीती वाटते.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे बटण असलेली कुठलीही वस्तू मला चालवता येते, असा घरातल्यांचा आणि हळूहळू गल्लीचाही समज झाला होता. कुणाचा मोबाइल अडकला की मी, कुणाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा की मी. मला नाही म्हणता यायचं नाही, आणि येत नाही हे सांगायला तर त्याहून जड जायचं. मग गुपचूप मोबाइलवर शोधायचं, शिकायचं आणि आधीपासून येत असल्यासारखं करून दाखवायचं. त्या वर्षी पुण्याच्या मामेभावाने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला, आणि त्याच आठवड्यात गल्लीतल्या बाया म्हणाल्या, "यंदा मिरवणुकीत ट्रॅक्टरवर आपलंच गाणं लावायचं. तुला येतंय की ते भरायला?" मी म्हणाले, येतं.

आपलं गाणं म्हणजे कमलआत्याचं गाणं. कमलआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर काही वर्षांतच ती माहेरी परत आली आणि तेव्हापासून इथेच राहते. दिवसभर लोकांच्या रानात खुरपते, शाळेत कधी गेलेली नाही, पण गाणी स्वतः जुळवते आणि डोक्यात ठेवते. विहारात बाया गायला बसल्या की आत्या पुढं म्हणते आणि बाकीच्या झील धरतात. म्हणजे आत्याने ओळ टाकायची, आणि तिचा शेवट सगळ्यांनी मिळून उचलायचा. झील पुरी झाल्याशिवाय पुढची ओळ टाकायची नाही, हा त्यातला रिवाज. ढोलकीला लागून असते ती पुढं म्हणणारीची जागा. माझ्या आठवणीत त्या जागेवर तोवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं.

तिच्या गाण्याची सुरुवात अशी:

पहिली पाटी लेकीच्या हाती,
पुसू नका गं कुणी.

हे गाणं तिने मला पहिलीत घातलं त्या वर्षी जुळवलं होतं, असं आई सांगते. आत्या स्वतः कधी बोलली नाही.

रेकॉर्डिंगसाठी मी धान्याची खोली निवडली. भिंतीला ज्वारीची पोती होती, आवाज घुमू नये म्हणून दोरीवर वाकळा टाकल्या, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद. गावात दोन ते चार या वेळेत कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात, म्हणून वेळ तीच. वर पत्रा. लॅपटॉप फार तापू नये म्हणून तो उलट्या परातीवर ठेवलेला.

आत्या दारातच थबकली. "इथं गायचंय का वाफ घ्यायचीय?"

"थोडाच वेळ, आत्या. हे कानावर लावा."

"उन्हाळ्यात कानटोपी घालायला लावतीस व्हय गं? हेच शिकवत्यात का कॉलेजात?"

माझा चुलतभाऊ विकास ढोलकी वाजवतो. त्याची ढोलकी आणि तिच्यासोबतची पेटी आम्ही आधीच लॅपटॉपमध्ये भरून घेतली होती. आता तो पोत्यावर बसून कलिंगड खात होता आणि बिया एका वाटीत टाकत होता, कारण आवाज होईल म्हणून मी त्याला थुंकायला बंदी घातली होती. आत्याने कानात ती ढोलकी ऐकत गायचं, असं ठरलं.

पहिल्या दिवशी सगळ्या आवाजात तडतड आली. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी. आत्याने वर पाहिलं आणि निकाल दिला, "पत्रा तापलाय. त्योच वाजतोय." आमचा पत्रा उन्हात वाजतो हे खरंच आहे, त्यामुळे मलाही पटलं. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत पुन्हा बसलो. पत्रा गार होता, तडतड तशीच.

मग मी शोधायला लागले. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो थोडा थोडा भरून घेतो, जसं आपण हापशावर पाणी भरतो. तांब्या लावला तर तो लगेच भरतो, पण सारखं पळावं लागतं आणि दमलेल्या माणसाच्या हातून सांडतं. ते सांडणं म्हणजे ती तडतड. घागर लावली तर पळापळ नाही, पण घागर भरेपर्यंत थांबून राहायचं. त्या भांड्याच्या मापाला बफर म्हणतात. माझा लॅपटॉप मामेभावाच्या हाताखाली बरीच वर्षं राबून आलेला, दमलेला. मी बफरचा आकडा १२८ वरून उचलला आणि थेट २०४८ वर नेला. यादीतला सगळ्यात मोठा आकडा तोच होता. मार्कांच्या सवयीने मला मोठा आकडा नेहमी चांगलाच वाटत आला आहे.

तडतड गेली. मी इतकी खूश झाले की आवाजाला घुमारा यावा म्हणून वर दोन भारी इफेक्टही लावून ठेवले. तेही आवाज थोडा वेळ धरून ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. आणि एक गोष्ट मी केलीच नाही. हेडफोन एकच होता, तो आत्याच्या डोक्यावर. आत्याला काय ऐकू येतंय, हे मी एकदाही स्वतः ऐकून पाहिलं नाही. मी पडद्याकडे बघत बसले.

आत्याने पहिली ओळ बरोबर टाकली. दुसरी जराशी उशिरा आली. चौथ्या ओळीपर्यंत ढोलकी पुढं निघून गेली होती.

विकास पडद्याकडे वाकून म्हणाला, "आत्या, ढोलकी काक्रंब्याला उतरली बी. तुमी अजून बेंबळीच्या फाट्यावरच."

आत्या हसली. पुन्हा म्हणाली. पुन्हा मागं पडली. कपाळावरचा घाम पदराने टिपून तिसऱ्यांदा म्हणाली. सातव्या वेळेला विकासने कलिंगडाची फोड खाली ठेवली, तेव्हा खोली फार गरम आहे असं मला जाणवलं.

मी म्हणाले, "आत्या, तुम्ही मागं पडताय."

"म्या?"

"हो. इथं दिसतंय." मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वरच्या पट्टीत ढोलकीचे ठोके होते, खालच्या पट्टीत तिचा आवाज. ठोका कुठे आहे आणि तिचा शब्द कुठे सुरू होतो, ते मी बोटाने दाखवलं. आत्याला अक्षर वाचता येत नाही, पण तिने त्या रेघा बराच वेळ नीट बघितल्या.

"दिसतंय तर खरं," ती म्हणाली.

आमच्या घरात लिहिलेल्या गोष्टीशी कुणी वाद घालत नाही. सातबारा असो, शाळेचा दाखला असो, औषधाची चिठ्ठी असो. कागदावर आहे म्हणजे तसंच असणार. आत्याने पडद्यालाही तोच मान दिला. तिने हेडफोन काढून पोत्यावर ठेवला, केस नीट केले आणि खुरपं घेऊन रानात गेली. मी तिला थांबवलं नाही. मला वाटलं, वय झालं आता आत्याचं. हे वाटलेलं मी इथे लिहून ठेवते आहे, कारण ते मला अजून टोचतं.

त्याच दिवशी विहाराच्या अंगणात बाया सरावाला बसल्या, तेव्हा आत्या भिंतीकडेला सगळ्यांच्या मागं जाऊन टेकली. शेजारच्या शोभाकाकूला तिने ढोलकीजवळ बसायला सांगितलं. शोभाकाकू आत्यापेक्षा पुष्कळ लहान. ती म्हणाली, "असं कसं वन्सं, तुमी असताना?"

"माझा वकूब न्हाय राहिला गं. पोरीच्या मशीननं दावलंय."

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. मी पताकांचा दोरा सोडवत होते. तो आधीच सुटलेला होता.

दोन दिवसांनी माझा ऑपरेटिंग सिस्टीमचा पेपर होता. त्यात बफर म्हणजे काय, असा प्रश्न होता. वेगवान आणि संथ अशा दोन गोष्टींच्या मधे माहिती थांबते ती जागा, आणि ती मोठी असेल तर थांबण्याचा वेळही वाढतो, असं मी इंग्रजीत व्यवस्थित लिहिलं. खाली पट्टीने रेघ मारली. त्या उत्तराला मला चांगले मार्क मिळाले असणार.

पेपरहून आले तेव्हा आत्या ओसरीवर कैऱ्या चिरत होती. मी लॅपटॉप उघडून तिच्या आवाजाचे तुकडे माउसने पुढं सरकवत बसले होते, बघू तरी ढोलकीवर बसतात का म्हणून. तुकडे बसत होते, पण गाणं राहत नव्हतं. आत्या सुरी चालवता चालवता सहज म्हणाली, "ती झील म्हणणारी कोण घेतलीस गं?"

"कुठली झील? झील अजून भरलीच नाही, आत्या."

"त्या कानटोपीतली. म्या ओळ टाकली की माझ्या मागं म्हणायची. आवाज बरा हाय तिचा, पर लई आळशी बाई. तिचं सरेपर्यंत म्या थांबायची. न्हाय थांबावं तर दुसरीच्या तोंडातला घास काढून घेतल्यावानी व्हतंय."

माझा हात माउसवरच राहिला. मी हेडफोन डोक्याला लावला, माइक जवळ ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यात बोलले. पहिली पाटी लेकीच्या हाती. माझा शब्द ओठांतून गेला आणि क्षणभराने कुणीतरी परक्या आवाजात तोच शब्द माझ्या कानात म्हणालं. जीभ जड झाली. दुसरी ओळ म्हणायला गेले, तर मीही थांबले होते.

तिला तिचा आवाज ओळखू आला नाही, यात नवल नव्हतं. इतकी वर्षं ती गात आली, पण स्वतःचा आवाज बाहेरून तिने कधी ऐकलेलाच नव्हता. तिच्या कानात जी उशिरा गात होती, ती आत्याच होती. आणि आत्या रिवाजाप्रमाणे तिची झील पुरी होण्याची वाट बघत होती.

हे कळल्यावर मी लगेच बोलले नाही, हेही खरं. मनात आलं, आकडा गुपचूप कमी करावा आणि म्हणावं, आत्या, आज पुन्हा एकदा बघू. ती बरोबर गाईल, सगळ्या खूश होतील, आणि मला सगळं येतं हा समज तसाच राहील. कैरीच्या चिकाचा आंबट वास येत होता. आत्या कोयी वेगळ्या करत होती, त्यांत तिचं लक्ष होतं.

"आत्या, ती झील म्हणणारी तुम्हीच होतात."

तिची सुरी थांबली. "म्या?"

"तुमचाच आवाज मशीन उशिरा परत देत होतं. माप मी मोठं लावलं होतं. तुम्ही मागं पडत नव्हता. चूक माझी होती."

आत्याने हातातली कैरी खाली ठेवली. "म्हंजे म्या माझ्यासाठीच थांबत हुते?"

"हो."

"बरं झालं सांगितलंस." तिने सुरी पदराला पुसली. "आता हे बायांपुढं सांग. म्या जागा बायांपुढं सोडलीया."

ते मला नको होतं. चार माणसांपुढं बोलायचं मी आजही टाळते, वर्गातली हजेरीसुद्धा पुटपुटत देते. मी म्हणाले, तुम्हीच सांगा ना. आत्याने नकारार्थी मान हलवली आणि पुढची कैरी चिरायला घेतली.

त्या दिवशी मी आधी लॅपटॉपचं ओझं उतरवलं. इफेक्ट काढले. ढोलकी आणि पेटी वेगवेगळ्या चालत होत्या, त्यांची एकच साधी फाइल करून टाकली. इंटरनेट बंद केलं. बॅटरीवर असताना लॅपटॉप आपली ताकद राखून ठेवत होता, ते सेटिंग बदललं, चार्जर लावला. मग आकडा एकेक पायरी खाली आणत गेले आणि प्रत्येक पायरीला हेडफोन लावून पहिली पाटी म्हणून बघितलं. २०४८ ला ती दुसरी बाई पार दाराशी उभी होती. १०२४ ला आत आली. ५१२ ला पोत्याशी, २५६ ला अगदी माझ्या खांद्यामागं. १२८ ला ती नाहीशी झाली आणि फक्त माझा आवाज उरला, माझ्या वेळेवर. तडतड नाही.

ते रेकॉर्डिंग पुढं झालं, मिरवणुकीत वाजलंही. फाइल अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात आत्याचा प्रत्येक शब्द ढोलकीच्या ठोक्यावर आहे, पण दर ओळीनंतर एक मोकळी जागा आहे. मी तेव्हा म्हटलं होतं, "आत्या, आता ती बाई गेली. थांबू नका." तर ती म्हणाली, "ती गेली, पर ह्या हायत की." दुसऱ्या दिवशी बाया दाटीवाटीने त्या खोलीत बसल्या आणि त्या जागांमध्ये त्यांनी झील भरली. आता कॉलेजमध्ये मला बरं मशीन वापरायला मिळतं. गाणं भरताना माप लहान ठेवायचं, सगळं भरून झाल्यावर ऐकायला, सुधारायला बसलं की खुशाल मोठं करायचं, एवढं आता हात आपोआप करतो. पण कुणालाही तुम्ही चुकताय असं म्हणायच्या आधी मी त्याच्या कानातला हेडफोन माझ्या कानाला लावून बघते. हे मात्र आपोआप होत नाही. दर वेळी आठवावं लागतं.

पण मला सांगायचं होतं ते त्याच संध्याकाळचं, अंगणातलं. उन्हं कलली होती, विहाराची सावली अंगणाच्या मध्यापर्यंत आली होती. सतरंजीवर दहा-बारा बाया. शोभाकाकू ढोलकीजवळ, आत्या भिंतीशी. मी लॅपटॉप धरून उभी राहिले आणि बफर, इफेक्ट असं काहीतरी बोलत राहिले. कुणालाच कळलं नाही. मलाही कळलं नसतं.

शोभाकाकू म्हणाली, "आमाला शिकवू नगंस बाई. दाव."

मी आकडा पुन्हा २०४८ केला आणि हेडफोन तिच्या कानावर ठेवला. तिने जोरात ओळ टाकली, पुढचा शब्द अर्धाच म्हणून मागं वळून पाहिलं. "कोण गं मधीच?" बाया हसायला लागल्या. मग जिला तिला बघायचं होतं. एकीची ओळ लांबत लांबत मधेच बंद पडली. एक म्हातारी हेडफोनलाच म्हणाली, "तू गप बस की आधी, मला म्हणू दे." हसता हसता एकेकीचं लक्ष आत्याकडे गेलं आणि हसणं कमी होत गेलं.

"वन्सं मागं पडल्या न्हाईत," मी म्हणणार होते ते शोभाकाकूच म्हणाली, "मशीन मागं पडलं."

"मशीन नाही," मी म्हणाले. "मी. मी न ऐकताच बोलले आत्याला."

शोभाकाकू सतरंजीवर बसल्या बसल्या हातभर सरकली आणि रिकाम्या झालेल्या जागेवरून तिने तळवा फिरवला, धूळ झाडावी तसा. "या वन्सं."

आत्या उठली, येऊन बसली. विकासने ढोलकी मांडीवर ओढली. मी लॅपटॉप मिटून घराकडे निघाले.

"तू कुठं निघालीस?" आत्या म्हणाली. "बस हितं."

"मला नाही येत, आत्या." हे वाक्य मी त्या गल्लीत पहिल्यांदाच बोलले असेन.

"झीलच धरायचीय. बस."

मी बसले. आत्याने ओळ टाकली, बायांनी उचलली. मी नुसते ओठ हलवले. दुसऱ्या वेळी बायांनी झील पुरी केली, तरी आत्याने पुढची ओळ टाकली नाही, ती जागा मोकळीच ठेवली. विकासने ठोका धरून ठेवला होता आणि आत्या माझ्याकडे बघत होती. पुसू नका गं कुणी, मी म्हणाले. फार उशिरा म्हणाले. आत्या थांबली होती.